कारिल्योला नुसतं 'संधिसाधू' म्हणून मोकळं होऊ नका

पंधराव्या शतकातल्या कॅस्टिलचा, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या तेव्हाच्या एका राज्याचा, विषय निघाला की आल्फोन्सो कारिल्योला एका शब्दात निकालात काढतात: संधिसाधू. १४४६ ते १४८२ एवढा काळ टोलेडोचा आर्चबिशप राहिलेल्या माणसावर हा अन्याय आहे. बाजू त्याने बदलल्या, वारंवार बदलल्या. पण प्रत्येक वेळचा हिशोब वेगळा होता आणि शेवटचा सोडला तर प्रत्येक हिशोब पक्का होता.

आधी पदाचं वजन बघा. टोलेडोचा आर्चबिशप म्हणजे स्पेनमधला सर्वोच्च धर्माधिकारी आणि कॅस्टिलमधल्या सगळ्यात श्रीमंत धर्मपीठाचा धनी. अल्कला दे एनारेस, उसेदा, सांतोर्कास अशी ठाणी त्याच्या हाती, पदरी स्वतःचे घोडेस्वार. तो ज्या बाजूला जाई, त्या बाजूला किल्ले आणि फौजही जाई. हे ध्यानात घेतलं नाही तर पुढचं सगळं नुसतं स्वभावदोषाचं प्रकरण वाटतं.

१४६२ मध्ये राजा चौथा एन्रिके याला मुलगी झाली, हुआना. तिचा बाप्तिस्मा कारिल्योनेच केला आणि धर्ममाता होती राजाची सावत्र बहीण इसाबेला, तेव्हा जेमतेम दहा वर्षांची. ही तीन नावं एकत्र लक्षात ठेवा. दोनच वर्षांत कारिल्यो आणि त्याचा पुतण्या, बडा सरदार हुआन पाचेको, राजाविरुद्ध उभे राहिले. ही मुलगी राजाची नव्हेच, असा त्यांच्या गटाचा दावा होता.

५ जून १४६५ ला आव्हिलाच्या तटाबाहेर जे घडलं ते जरा बारकाईने बघण्यासारखं आहे. लाकडी मंचावर एन्रिकेचा पुतळा बसवला होता, मुकुट, तलवार आणि राजदंडासकट. आरोपपत्र वाचायला सुरुवात झाली. एकेक आरोप वाचून झाला की एकेक चिन्ह काढून घ्यायचं, असा क्रम होता. मुकुट उतरवला कारिल्योने. मग तलवार गेली, राजदंड गेला, शेवटी पुतळाच खाली ढकलला. त्यानंतर राजाचा सावत्र भाऊ, अकरा वर्षांचा आल्फोन्सो, त्याला मंचावर नेऊन राजा म्हणून घोषित केलं. मुकुटाला हात घालायचा मान आर्चबिशपकडेच का? कारण राजपद देवाच्या नावाने मिळतं, ते काढून घ्यायलाही धर्मपीठाचाच हात दिसायला हवा होता. दोन वर्षांनी ओल्मेदोच्या लढाईत हाच आर्चबिशप चिलखत घालून उतरला आणि दंडावर जखम घेऊन परतला.

जुलै १४६८ मध्ये आल्फोन्सो वारला. पाचेकोने राजाशी जुळवून घेतलं, कारिल्यो इसाबेलाला धरून राहिला. १९ ऑक्टोबर १४६९ चं वायादोलिदमधलं तिचं शेजारच्या आरागॉन राज्याचा युवराज फर्डिनांड याच्याशी लग्न मुख्यतः त्याच्यामुळे झालं. तिला सुखरूप पोचवायला घोडेस्वार त्याचे होते. अडचण नात्याची होती. कॅस्टिलचा पहिला हुआन हा दोघांचाही पणजोबा, म्हणजे पोपच्या खास परवानगीशिवाय लग्न अवैध. तेव्हाचा पोप दुसरा पॉल ती देत नव्हता. तेव्हा दिवंगत पोप दुसऱ्या पायसच्या नावाची परवानगी पुढे आली. ती बनावट होती. खरी परवानगी चौथ्या सिक्स्टसकडून १४७१ च्या डिसेंबरमध्ये मिळाली. माझ्या मते कारिल्योच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा जुगार हाच, कारण बिंग फुटतं तर पुढे होणाऱ्या मुलांचा वारसाहक्कही गेला असता.

आता यातला धागा बघा. आधी अकरा वर्षांचा मुलगा, मग अठरा वर्षांची मुलगी. दोघांकडे हक्क होता, बळ नव्हतं, आणि बळ कारिल्योकडे होतं. असा दावेदार उभा करायचा आणि त्याच्यामागून राज्य चालवायचं, हे त्याचं राजकारण. ते फसलं, कारण फर्डिनांड कोणाच्या सल्ल्याने चालणारा नव्हता. १४७३ मध्ये कार्डिनलची टोपी, म्हणजे चर्चमधलं पोपच्या खालोखालचं पद, पेद्रो गोन्सालेस दे मेंदोसा या दुसऱ्या बिशपला मिळाली. ती कारिल्योला हवी होती. मेंदोसा इसाबेलाच्या बाजूला आला आणि तिची कारिल्योवरची भिस्त संपली.

१४७४ च्या डिसेंबरमध्ये एन्रिके गेला, इसाबेला राणी झाली, आणि पुढच्या काही महिन्यांतच कारिल्यो दरबार सोडून निघाला. राणी स्वतः भेटीला यायला तयार असतानाही त्याने भेट टाळली. तो गेला कोणाकडे? त्याच हुआनाकडे, जिचा हक्क त्याने दहा वर्षं नाकारला होता. इथे मात्र त्याचा बचाव करता येत नाही. हुआनाच्या पाठीशी तिचा मामा, पोर्तुगालचा राजा पाचवा आफोन्सो, स्वतःची फौज घेऊन उभा होता. त्याला मदत हवी होती, पालक नको होता. म्हणजे कारिल्योने स्वतःचाच नियम मोडला, आणि तो दुखावलेल्या मानापायी. १ मार्च १४७६ ला तोरोच्या लढाईत तो पोर्तुगीजांकडून लढला, समोर फर्डिनांडबरोबर मेंदोसा होता.

त्यानंतर शरणागती, मग पुन्हा कुरबुरी, शेवटी किल्ले राणीच्या हवाली. किमयेच्या नादात पैसाही बराच गेला. पण याच माणसाने १४७३ मध्ये आरांदाची धर्मपरिषद भरवून पाद्र्यांना लॅटिन यायलाच हवं असा नियम केला, हेही त्याच्या खात्यावर मांडायला हवं. १ जुलै १४८२ ला अल्कलात तो वारला. टोलेडोची गादी मेंदोसाकडे गेली, आणि १४९५ मध्ये मेंदोसानंतर सिस्नेरोस या पाद्र्याकडे, ज्याला कारिल्योने उसेदाच्या पदावरून झालेल्या वादात कैदेत टाकलं होतं.