चादरीच्या पलीकडं

बोर्डिंग म्हटलं की आता लोकांना पाचगणी आठवते. थंड हवा, घोडेस्वारी, गळ्यात टाय. आमचं बोर्डिंग सोलापुरात होतं. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसला टेकायचा, डोक्यावर पत्रा, आणि टायच्या जागी कायम खांद्यावर टॉवेल, कारण आंघोळीची रांग कधी पुढं सरकेल याचा नेम नसायचा. १९८०च्या दशकातली गोष्ट. समाजाच्या ट्रस्टनं तालुक्यातालुक्यांतून शिकायला येणाऱ्या पोरांसाठी केलेली ती सोय. नावानं कुणी कुणाला हाक मारत नसे. मी करमाळा. माझ्या खोलीत एक सांगोला आणि एक अक्कलकोट. गिरणीच्या भोंग्यावर उठायचं, रेक्टर सरांच्या शिट्टीवर झोपायचं.

याच ट्रस्टचं मुलींचंही बोर्डिंग होतं, दोन गल्ल्या सोडून. त्या गल्ल्यांना वर्षभर पाय लावायचा नाही, असा नियम. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला न्यायचे दिवससुद्धा दोन्हीकडचे रेक्टर आपसात ठरवून वेगवेगळे ठेवत, न जाणो पाळण्यात वर-खाली नजरानजर व्हायची. आणि वर्षातून एकदा, संक्रांतीनंतरच्या रविवारी, त्याच गल्ल्यांतून आम्हाला जोडीजोडीनं चालवत तिकडं नेत. याला तिळगूळ समारंभ म्हणत. (राखीपौर्णिमेचं मी सांगणार नाही. ते सगळ्या गावांत सारखंच असतं.)

आता सोलापूरचं एक लक्षात घ्यायला हवं. या गावातलं सगळ्यांत मोठं लग्न भोगीच्या दिवशी सिद्धेश्वर तळ्याशेजारी संमती कट्ट्यावर लागतं. नंदीध्वजांच्या सात उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी आणि अक्षता टाकायला अख्खं शहर. लग्न कुणाचं? सिद्धरामेश्वरांशीच लग्न करीन म्हणणाऱ्या कुंभारकन्येचं. सिद्धरामेश्वर पडले योगी. त्यांनी तिला सांगितलं, माझ्या योगदंडाशी लग्न कर. बाराव्या शतकातली ही कथा रेक्टर सर समारंभाच्या आदल्या रात्री न चुकता सांगत. तात्पर्य सांगत नसत. गोष्ट संपली की हातातली वेताची छडी टेबलावर ठेवत, आणि कुणाचं लग्न कशाशी लागू शकतं हे आम्हाला समजे.

तयारी आठवडाभर चाले. इस्त्री म्हणजे पितळी तांब्या. खानावळीच्या चुलीतले निखारे त्यात भरायचे, सांडशीनं काठ धरायचा आणि शर्टावरून फिरवायचा. निखारा उडाला की भोक. एका पोराच्या शर्टाला ऐन छातीवर असं भोक पडलं. तो अख्खा कार्यक्रम त्या जागी हात ठेवून बसला. जाताना तिकडच्या रेक्टर बाई आमच्या सरांना म्हणाल्या, हा मुलगा फार नम्र आहे. पावडरचा डबा अख्ख्या मजल्यात एक. ज्याचा डबा, त्याच्याशी संक्रांतीआधी महिनाभर कुणी भांडत नसे. आणि पाणी! एरवी दोन दिवस पुरवायचा हौद त्या पहाटे पाचलाच तळ दाखवी. उशिरा उठणारे तोंड धुऊन मानेपर्यंत पावडर लावत आणि ज्याच्या अंगाला वास येईल त्याच्याशेजारी आपण उभं राहायचं नाही, एवढी काळजी घेत.

सरांच्या सूचना तीन. समोरच्या प्रत्येकीला ताई म्हणायचं. जेवताना आवाज करायचा नाही. आणि दिवसभर 'बे' बंद. ही तिसरी आम्हाला जड जाई. सोलापूरच्या पोराला 'बे'शिवाय वाक्य कुठं संपवायचं तेच कळत नाही. त्यामुळं सकाळपासून सगळे अर्धवट बोलत आणि गप्प होत.

एवढं करून तिकडच्या सभागृहात शिरलो की मधोमध पडदा! पडदा कसला, दोरीवर टाचण्या लावून शेजारीशेजारी लटकवलेल्या सोलापुरी चादरी. पुढं या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं. मला विचारलं असतं तर मी आधीच देऊन टाकलं असतं. त्या विणीतून पलीकडचं काही, अगदी काही म्हणजे काही, दिसत नाही. शिवाय जेकार्ड मागावरच्या चादरीला उलटी बाजू नसते, नक्षी दोन्हीकडं तीच, नुसते रंग अदलाबदल होतात. आमच्याकडं हिरव्या जमिनीवर लाल मोर होता. म्हणजे त्या क्षणी पलीकडं लाल जमिनीवरचा हिरवा मोर कुणीतरी बघत असणार, एवढ्याच आधारावर मी दोन तास काढले. व्यासपीठ तेवढं दोघांना मिळून, कारण तिथं ट्रस्टी बसत.

अक्कलकोटला आम्ही मुद्दाम चादरीला खेटून बसवलं होतं. पलीकडच्या बऱ्याच मुली अक्कलकोट, इंडी भागातल्या, आपसात कन्नड बोलणाऱ्या. त्याच्या घरीही कन्नड. दोन प्लेट भज्यांच्या बोलीवर त्यानं कान द्यायचे ठरलं होतं. पहिला तासभर तो डोळे मिटून ऐकत राहिला. आम्ही सारखे ढोसत होतो, काय म्हणतायत? शेवटी म्हणाला, "हळू बोल. हिशेब चाललाय, आपण किती पोळ्या खाऊ त्याचा."

वक्तृत्व स्पर्धेचा विषय हुंडा. ज्यांना शर्ट उसना आणावा लागला होता ते सगळे हुंडा नाकारत होते. सांगोला उभा राहिला तो हात उगारूनच. पाठ केलेलं भाषण तिसऱ्या मिनिटाला संपलं, वेळेची घंटा वाजेना, मग त्यानं मनचं सुरू केलं आणि ट्रस्टींकडं बोट दाखवत गरजला, "अरे, हुंडा घेता कशाला बे?" सर छडी शोधू लागले. आणि तेवढ्यात चादरींच्या मागून एकदम हसू फुटलं. सगळे मोर हलले. दिवसातला तिकडून आलेला तो पहिला आवाज. सांगोल्याला बक्षीस मिळालं नाही, पण त्या रात्रीपासून त्याला अंथरुण घालावं लागलं नाही, आम्ही घालायचो.

मग प्रत्यक्ष तिळगूळ. मुलींनी आपापला तिळगूळ ताटात ठेवायचा, ताट रेक्टर बाईंकडं, बाईंकडून सरांकडं, सरांकडून आमच्या हातावर. "तिळगूळ घ्या, गोड बोला" हे बाई सगळ्यांच्या वतीनं सरांना म्हणत आणि सर आमच्या वतीनं "हो" म्हणत. गोड बोलण्याचं काम अशा रीतीनं मिनिटभरात उरकत असे. ते दोघं एकमेकांशी वर्षभर पाणीपट्टीवरून भांडत असत, तो भाग वेगळा.

पडदा निघायचा तो पंगतीला. आधी आम्ही, वाढायला मुली. इथवर आलं की बोर्डिंगमधल्या पोराची खरी कसोटी लागते, कारण समोर शेंगापोळी असते. शेंगदाण्याचं कूट आणि गूळ भरलेली, वर तूप. सोलापूरबाहेरच्यांनी पुरणपोळीचं कौतुक खुशाल करावं, त्यांचा इलाज नाही. रोज खानावळीतली पातळ आमटी जेवणाऱ्याला सहा-सात पोळ्या म्हणजे काहीच नाही, पण मागायच्या कशा? समोर जी उभी आहे तिला बघायचं म्हणून वर्षभर थांबलो आणि आता नजर तिच्या हातातल्या ताटावरून वर जात नाही, अशी सगळ्यांची गत.

त्यात कडक भाकरी. बाजरीची, तीळ लावलेली, भोगीच्या वेळीच करून ठेवलेली. पापडासारखी वाळलेली ही भाकरी बरेच दिवस टिकते, फक्त आवाज केल्याशिवाय तुटत नाही. आणि सरांची सूचना नंबर दोन! पन्नास-साठ पोरं, दगडी भिंतींचं सभागृह, शांतता. पहिला तुकडा कुणीतरी मोडला आणि सगळ्या माना तिकडं वळल्या. त्यानंतर कुणाची हिंमत होईना. कुणी आमटीत बुडवून वाट बघत बसलं. कुणी दह्याखाली पुरली. खोकल्याची साथ आल्यासारखं झालं, कारण खोकताना मोडली तर ऐकू जात नाही, असा शोध कुणालातरी लागला होता. मी मोठा तुकडा शेंगाचटणीसकट तोंडात घेतला, म्हटलं जिभेवरच भिजू दे, चावायलाच नको.

तेव्हाच समोर परकराचा काठ येऊन थांबला. "दादा, चटणी वाढू?"

त्या वर्षी कुणाही मुलीनं आमच्या खोलीतल्या कुणाशीही बोललेलं हे एकमेव वाक्य. 'दादा' मी मनातल्या मनात माफ केलं. पण उत्तर? तोंड उघडावं तर आत अख्खी भाकरी. चावावी तर सभागृहभर कडकडाट. गिळावी तर तिची कड घशाला आडवी. चटणी एव्हाना नाकात चढली होती. डोळ्यांतून पाणी. मी तिच्याकडं बघत राहिलो. तीही थांबली, चांगली थांबली. मग पुढं सरकली. शेजारच्या सांगोल्यानं तेवढ्या वेळात माझ्या पानातली पोळी उचलली होती.

अक्कलकोट त्या रात्री काही बोलेना. आधी भजी, मग बातमी. दुसऱ्या दिवशी पार्क चौकात गाड्यावर त्यानं दोन्ही प्लेटा संपवल्या, वर चहा घेतला, तोंड पुसलं.

"ती चटणीवाली आत जाऊन मैत्रिणींना विचारत होती बे," तो म्हणाला, "तो उंच पोरगा मुका आहे काय म्हणून."

सांगोला हसून हसून गाड्याला टेकला. मी गाडीवाल्याला आणखी एक प्लेट लावायला सांगितली. अख्खी पंगत मांडी घालून बसली होती, आणि तरी तिला मी उंच दिसलो होतो.