भूतानची तिरंदाजी आणि साताऱ्याचं सुवर्ण: एका टीकेला उत्तर

नमस्कार.

भूतानचे सण आणि तिरंदाजी यांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा झोंबली. तडकाफडकी उत्तर दिलं नाही ते बरं झालं, कारण चार दिवसांनी पुन्हा वाचल्यावर निम्मी पटली. जे वाचक थेट इथेच येतील त्यांच्यासाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. पारोच्या त्सेचूत, म्हणजे तिथल्या धार्मिक सणात, तिरंदाजीचे सामने रंगतात असं मी लिहिलं, ते चूक. भूतानचे सण आता पर्यटकांसाठी मांडलेला देखावा आहेत आणि मी त्याला भुललो. आणि तिसरा, खरा रागाचा: 1984 पासून ऑलिंपिकला जाऊन ज्यांच्या हाती एक पदक नाही, त्यांच्या राष्ट्रीय खेळाचे गोडवे कशाला गाता? त्यापेक्षा साताऱ्याच्या तिरंदाज अदिती स्वामीवर लिहा, जी 17 व्या वर्षी जगज्जेती झाली.

पहिला आक्षेप बिनशर्त मान्य. त्सेचू म्हणजे दहावी तिथी, गुरू रिंपोचे म्हणजे पद्मसंभवांच्या स्मरणाची. झोंगच्या, म्हणजे किल्लेवजा मठाच्या, आवारात मुखवटे घालून छाम नृत्यं होतात. पारोला शेवटच्या दिवशी पहाटे कित्येक मजले उंचीचा थोंगद्रेल, म्हणजे कापडी चित्रपट, उलगडतात आणि ऊन अंगावर यायच्या आत गुंडाळून ठेवतात. त्यात बाण मारायचा कार्यक्रम नसतो. मग मी तसं का लिहिलं? प्रामाणिकपणे सांगतो: सवयीने. आपल्याकडे गावची जत्रा म्हटली की दुपारी कुस्त्यांचा फड आलाच. मी पारोत सकाळी नृत्य पाहिलं, परतताना मैदानावर तिरंदाजी पाहिली, आणि घरी येऊन दोन्ही एकाच जत्रेत बसवून टाकलं. ते वाक्य काढलं आहे. तिरंदाजी लोसारला, म्हणजे नववर्षाला, जोरात असते आणि एरवी सुट्टीच्या कुठल्याही दिवशी.

पण बाण त्सेचूत अजिबात नाही असंही नाही, आणि हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. काळ्या टोप्यांचं जे नृत्य असतं, त्यामागची कथा तिबेटच्या लांगदार्मा राजाच्या वधाची. बौद्ध धर्माच्या मुळावर उठलेल्या या राजाला एका भिक्षूने नवव्या शतकात मारलं, ते रुंद बाह्यांत लपवून नेलेल्या धनुष्यबाणाने. त्या बाह्या आजही नर्तकांच्या अंगावर दिसतात. दुसरं हरिणाचं आणि शिकारी कुत्र्यांचं नृत्य. त्यात गोन्पो दोर्जी नावाचा शिकारी धनुष्य घेऊन येतो, लांब नाकाच्या मुखवट्यांचे अत्सारा म्हणजे विदूषक त्याची यथेच्छ टर उडवतात, आणि शेवटी मिलारेपा या तिबेटी संतकवीच्या गाण्याने त्याचं मन पालटून तो शिकार सोडतो. म्हणजे एका नृत्यात बाण धर्मासाठी सुटतो आणि दुसऱ्यात धर्मासाठी खाली ठेवला जातो. ज्या देशाने धनुष्याला राष्ट्रीय खेळ केलं, तिथे या दोन्ही गोष्टी एकाच अंगणात नाचून दाखवतात, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

आता देखाव्याचा मुद्दा. काही सण नवे आहेत, हे खरंच. फोब्जिखाचा काळ्या मानेच्या क्रौंचांचा उत्सव 1998 पासूनचा, दोचुला खिंडीतला द्रुक वांग्येल 2011 चा, उंच डोंगरातल्या लाया गावचा हायलँड फेस्टिव्हल 2016 चा. पण गंमत बघा, तुम्ही ज्यांना देखावा म्हणता त्यातल्या लायाच्या सणातच खेळ आहेत: घोड्यांच्या शर्यती, कुस्ती, डोंगरातली लांब पल्ल्याची धाव. आपल्या जत्रेच्या सर्वांत जवळचं काही भूतानात असेल तर ते हे. एवढ्या उंचावर जमलेली याकवाली कुटुंबं तुमच्या-माझ्या कॅमेऱ्यासाठी आलेली नसतात. ती एकमेकांना भेटायला येतात. या मुद्द्यावर मी मागे हटणार नाही.

आणि आता साताऱ्याकडे.

अदिती आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघांनी 2023 मध्ये बर्लिनला एकाच दिवशी जगज्जेतेपद मिळवलं. दोघंही साताऱ्यात सराव करून घडलेले. मला त्याचा तुमच्याइतकाच अभिमान आहे. पण तुलना करायची तर सगळीच करू. एकट्या सातारा जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 30 लाखांवर होती. अख्खा भूतान 8 लाखांच्या आत. हे झालं आकड्यांचं, आणि ते फार महत्त्वाचं नाही.

महत्त्वाचं असं की आपण ज्याला ‘तिरंदाजी’ म्हणतोय ते तिथे तीन वेगळे खेळ आहेत. दात्से, म्हणजे गावचा खेळ, बांबूच्या धनुष्याचा. अंतर सुमारे 145 मीटर. डोळ्यांसमोर आणायचं तर क्रिकेटच्या मैदानात एका सीमारेषेवर उभं राहून समोरच्या सीमारेषेवर नेम धरायचा, आणि तिथे काय, तर जेमतेम हात-सव्वा हात... छे, चुकलो, दोन हात उंच आणि वीतभराहून थोडी रुंद अशी रंगवलेली फळी. मैदानाच्या दोन्ही टोकांना फळ्या, दोन्हीकडे दोन्ही संघांची माणसं, आणि बाण येत असताना प्रतिस्पर्धी फळीच्या शेजारी उभं राहून नेमबाजाच्या नावाने शिमगा करतात. बाण लागला की संघ गोल करून गातो, नाचतो, आणि नेमबाजाच्या कमरेला एक रंगीत पट्टी वाढते. सामन्याआधी ज्योतिषाला विचारणं होतं. ऑलिंपिकच्या मैदानावर यातलं काहीही केलं तर पंच हाकलून देतील.

दुसरा खेळ कंपाउंड धनुष्याचा. कप्प्या लावलेलं, परदेशातून आणलेलं, लाखाच्या घरातलं यंत्र. राजधानी थिम्फूच्या चांगलीमिथांग स्टेडियमला लागून मैदान आहे, तिथे कुणीही जाऊन पाहावं. अंतर तेच, गाणी तीच, पण बाण दिसत नाही, नुसता ऐकू येतो. बक्षिसांच्या मोठ्या स्पर्धा याच्याच. तुम्ही ‘राष्ट्रीय खेळाची दशा’ म्हणालात ना, ती इथे शोधायला हवी होती, ऑलिंपिकमध्ये नव्हे. बांबूच्या स्पर्धा वेगळ्या भरवाव्या लागतात, कारण एकाच मैदानात बांबू कंपाउंडपुढे टिकत नाही. ज्याच्या खिशात पैसा त्याच्या हातात चांगलं धनुष्य, हे गावच्या खेळात पूर्वी नव्हतं. माझ्या लेखात यावर एक ओळही नव्हती. हा दोष तुम्ही दाखवला नाहीत, मीच दाखवतो.

तिसरा खेळ ऑलिंपिकचा: रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, 70 मीटर, गोल लक्ष्य, शांतता. भूतानच्या मुलाने लहानपणापासून पाहिलेलं यातलं काहीच नाही. 1971 साली जो खेळ राष्ट्रीय ठरला तो हा नव्हेच. तरीही कर्मा या मुलीने पात्रता स्पर्धेतून टोकियोचं तिकीट मिळवलं, कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. (आपण हॉकीला राष्ट्रीय खेळ म्हणत मोठे झालो आणि 2012 मध्ये माहितीच्या अधिकारात सरकारनेच सांगितलं की असा कुठला खेळ जाहीरच केलेला नाही. तेव्हा या शब्दावर आपण फार जोर देऊ नये.)

तरुण पोरं फुटबॉलकडे वळली, हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर. 2015 मध्ये फिफाच्या यादीत तळाला असताना त्यांनी श्रीलंकेला घरी आणि बाहेर हरवलं. त्यातल्या थिम्फूच्या सामन्यात दोन्ही गोल चेंचो ग्येल्त्शेनचे. त्याच वर्षी कतारने 15 गोल चढवले, तरी चेंडू सुटला नाही. चेंचो नंतर आपल्या आय-लीगमध्येही खेळून गेला.

पदकाचं विचारलंत म्हणून शेवटी हे. 2028 च्या लॉस एंजेलिसला कंपाउंड पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये येतंय. अदिती-ओजसचं धनुष्य, आणि थिम्फूच्या मैदानावरचंही. अंतर 50 मीटर, जे तिथल्या माणसाला अंगणातलं वाटेल. फक्त प्रकार एकच ठेवलाय, मिश्र सांघिक: एक पुरुष, एक स्त्री. दात्सेच्या मैदानावर बायका कडेला उभ्या राहून गातात, नाचतात, समोरच्या संघाला चिडवतात. जुन्या समजुतीप्रमाणे सामन्याआधी त्यांनी धनुष्याला हातही लावायचा नसतो. 145 मीटरवर नेम धरणारे पुरुष थिम्फूत ढिगाने सापडतील. कंपाउंड हाती घेतलेली, त्यांच्या शेजारी उभी राहणारी दुसरी व्यक्ती त्यांना आता शोधावी लागेल.