दोन अँटीव्हायरस म्हणजे दुप्पट संरक्षण नव्हे

विंडोजमध्ये आधीपासूनच असणाऱ्या डिफेंडर या अँटीव्हायरसच्या जोडीला आणखी एक मोफत अँटीव्हायरस बसवला की घरच्या संगणकाचे संरक्षण दुप्पट होते, हे एका लेखात वाचलेले विधान पटले नाही. विंडोज १० किंवा ११ वर दुसरा अँटीव्हायरस बसवला की डिफेंडर आपली सततची तपासणी सहसा आपोआप थांबवतो. म्हणजे पहारेकरी दोन होत नाहीत, फक्त बदलतो. फोंड्यात आमच्या शेजारच्या काकांच्या संगणकावर दुरुस्तीवाल्याने असाच एक मोफत अँटीव्हायरस घालून दिला होता. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘आपला संगणक धोक्यात आहे, आत्ताच अपग्रेड करा’ अशी चौकट इतक्या वेळा उगवायची की पुढे पुढे काका कोणतीही सूचना न वाचताच बंद करू लागले, आणि हाच मला व्हायरसहून मोठा धोका वाटला.

‘मोफत’ या शब्दाची किंमतही लेखाने सांगायला हवी होती. मोफत अँटीव्हायरस देणाऱ्या अव्हास्ट या कंपनीने वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती आपल्या जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचे हित जपणाऱ्या सरकारी संस्थेने) २०२४ मध्ये अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. त्यापेक्षा डिफेंडरच ठेवावा, त्यातले मुळात बंद असणारे ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ (अनोळखी प्रोग्रामना महत्त्वाच्या फोल्डरमधील फायली बदलू न देणारी सोय) चालू करावे (सुरुवातीला एखादा जुना प्रोग्राम अडेल, त्याला परवानगी द्यावी लागते), आणि मुलांना ॲडमिनिस्ट्रेटरचे (संगणकात हवे ते बदल करण्याचे) अधिकार नसलेले वेगळे खाते द्यावे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार (सुरक्षेचे अपडेट) मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून ती उणीव कोणताही अँटीव्हायरस, मोफत असो वा विकतचा, भरून काढू शकत नाही.