‘मंडळीत रॅप कशाला?’ : एका ज्येष्ठ वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, सलाम.

तुम्ही नाव लिहिलं नाहीत, ‘शरणपूरचा एक जुना सभासद’ एवढीच सही केलीत. सत्तरच्या दशकात युवक संघ चालवत होतो असं म्हणता, म्हणून काका म्हणते. प्रतिक्रिया रविवारी उपासनेहून आल्यावर वाचली आणि दोन दिवस मनात ठेवली. घाईघाईने उत्तर द्यावं अशी ती नव्हती.

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की तरुणांमध्ये काम करणाऱ्यांनी मुलं काय ऐकतात, काय बघतात, काय खेळतात ते त्यांच्या शेजारी बसून बघावं. तुमचं म्हणणं, हे जगाला मंडळीचं, म्हणजे चर्चचं, दार उघडून देणं झालं. बायबलात योहान सांगतो जगावर प्रीती करू नका, आणि आम्ही पोरांबरोबर रॅप ऐकत बसतो. तुमच्या वेळी वचनं पाठ व्हायची, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर रंगायची. आणि शेवटी लिहिलंत, ‘गोंगाटाला आलेली पोरं गोंगाट थांबला की जातील.’

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण ते खरं आहे. माझ्याच हातून तसं झालंय. सहा वर्षांपूर्वी नाताळच्या तरुण मेळाव्यासाठी आम्ही भाड्याने लाइट आणले, मोठा साउंड लावला, त्या वर्षीच्या गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर आमचे शब्द बसवले. हॉल भरला. फेब्रुवारीत शनिवारच्या सभेला आठ जण उरले होते. अकरावीतली एक मुलगी मला म्हणाली, ‘ताई, मूळ गाणं आम्हाला येतंच. त्यासाठी इथे कशाला यायचं?’ त्या दिवसापासून मी नक्कल सोडली. जगाची गाणी उसनी आणून मंडळीत वाजवा, असं मी मागच्या लेखातही म्हटलेलं नाही आणि आजही म्हणत नाही.

पण दुसरी वाटही मला आतून माहीत आहे. मी सतरा वर्षांची असताना आमच्या शिबिरात पहिल्या दिवशी सगळ्यांचे हेडफोन जमा करून घेतले गेले आणि सिनेमातल्या गाण्यांवर दीड तास बोलणं झालं. आम्ही माना डोलावल्या. घरी गेल्यावर रात्री पांघरुणात तीच गाणी, आणि रविवारी सकाळी मी व्यासपीठावरून शास्त्रपाठ वाचत होते. ही दोन आयुष्यं मी चार वर्षं वेगवेगळी सांभाळली. त्या गाण्यांत तुला काय सापडतं, हे त्या चार वर्षांत मला कुणीच विचारलं नाही. काका, विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. सांगायला मी अगदी टेकले होते.

गेल्या पावसाळ्यातला एक प्रसंग सांगते. नाशिकच्या सिडकोतल्या एका मुलाचा, त्याला विचारूनच लिहितेय. सभा संपली होती, पाऊस थांबेना म्हणून आम्ही दोघं चर्चच्या पायऱ्यांवर बसलो होतो. त्याच्या मोबाइलच्या काचेला वरपासून खालपर्यंत तडा, त्यावर सेलोटेप. एक इअरफोन त्याच्या कानात, दुसरा त्याने माझ्यापुढे धरला. मराठी रॅप होता. पहिल्याच मिनिटात तीन शिव्या आल्या आणि माझा हात इअरफोन काढायला उठला. तेवढ्यात तो म्हणाला, ‘थांबा ताई, आता येतंय.’ पुढच्या चार ओळी दारू पिऊन घरी येणाऱ्या बापाबद्दल होत्या. भांडी, आईचं गप्प बसणं, भिंतीकडे तोंड करून झोपलेला मुलगा. त्याने त्या ओळी मागे नेऊन पुन्हा लावल्या. मग तिसऱ्यांदा. ‘हे आमच्याच घरचं आहे,’ म्हणाला.

दोन वर्षं तो सभेला येत होता. प्रार्थना-विनंत्या विचारल्या की ‘परीक्षेसाठी’ एवढंच सांगायचा.

त्या संध्याकाळी मी त्याला बायबलमधलं तेरावं स्तोत्र वाचून दाखवलं. पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा ‘कोठवर’ म्हणून देवाला विचारतो. मुलाने पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं. ‘असं देवाला बोललेलं चालतं?’ एवढंच त्याने विचारलं. शिव्यांबद्दल आम्ही नंतर बोललो, आणि त्याने ऐकूनही घेतलं. पण आधी शिव्यांबद्दलच बोलले असते, तर त्या चार ओळींपर्यंत मी पोहोचलेच नसते.

आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके आठवतात मला अशा वेळी. त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. समोर येशू होता आणि त्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण आणि राम उभे राहिले. त्या ध्यासातूनच पुढे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. दाखवणाऱ्याने काय दाखवलं आणि बघणाऱ्याने काय पाहिलं, यात एवढं अंतर पडू शकतं. मला ऐकू आल्या त्या शिव्या, मुलाला ऐकू आलं त्याचं घर. म्हणून गाणं वाईट की चांगलं हे ठरवण्याआधी मी विचारते, तुला यात काय दिसलं?

आता टिळकांच्या भजनांबद्दल. ती आमच्याकडेही गायली जातात आणि मला जिवापाड आवडतात. पण काका, ती आली कुठून? टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्या काळी आपल्या उपासनेत इंग्रजी चालींवर बसवलेली गीतं मोठ्या प्रमाणावर गात असत. टिळकांनी अभंग लिहिले, ओवी लिहिली, कीर्तन केलं. कीर्तन तर देवळातलं. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. (त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर आपल्या जलालपूरच्या. तिथून जाताना दर वेळी माझी मान आपोआप लवते.) आज तुम्ही ज्याला आपली परंपरा म्हणता, ते कुणीतरी लोकांच्या तोंडची भाषा कान देऊन ऐकल्यामुळे आपल्याला मिळालंय.

तुम्ही म्हणाल, अभंगाची बरोबरी रॅपशी? नाही, तशी मी करत नाही. अभंग सहाशे वर्षं गाळून, निवडून टिळकांच्या हाती आला होता. आत्ताचं गाणं तीन महिन्यांत विसरलं जातं. उलट म्हणूनच निवडणारं कुणीतरी मुलांजवळ बसलेलं हवं. आणि निवडायचं तर आधी सूप हातात घ्यावं लागतं.

प्रेषित पौलाचंच बघा. अथेन्समध्ये मूर्ती बघून त्याचा जीव जळत होता, हे प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये स्पष्ट आहे. तरी तो शहरभर हिंडून त्या लोकांच्या पूजेच्या वस्तू निरखत होता, आणि बोलायला उभा राहिला तेव्हा त्यांच्याच कवींची ओळ त्याच्या तोंडी आली. ती त्याला पाठ होती. तुमची चीड मला समजते काका. पौलालाही ती होती. त्याने चीड आणि डोळे दोन्ही उघडे ठेवले.

सीमारेषा कुठे, असं तुम्ही विचारलंत. बायबलमधल्या दानीएलाने बाबेलच्या दरबारात खास्द्यांची, म्हणजे तिथल्या लोकांची, भाषा आणि विद्या शिकून घेतली, राजाचं ताट मात्र नाकारलं. आमच्याकडेही ताट नाकारलं जातं. बाईला वस्तू म्हणून मिरवणारं गाणं आम्ही लावत नाही, आणि का लावत नाही यावर मुलींनाच आधी बोलायला देतो. मुलगे खाली बघतात तेव्हा. गेमचंही तसंच. त्यांच्याबरोबर बसून खेळले म्हणून मला कळलं की मित्रांची टोळी करून बंदुकांचा खेळ खेळणारा मुलगा आणि पैसे लावून खेळणारा मुलगा यांचे आजार निराळे. २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, पण त्याआधी आमच्यातल्या एकाने क्लासची फी त्यात घालवली होती. ‘मोबाइल वाईट’ असं सरसकट बोलणाऱ्याजवळ तो कबूल करायला आला नसता. एवढं करूनही तो आता सभेला येत नाही, हेही लिहायलाच हवं. मी त्याला दर आठवड्याला फोन करते. कधी उचलतो, कधी नाही.

आणखी एक, कारण तरुणांची संस्कृती म्हटलं की सगळ्यांना कॉलेज रोडच दिसतो. आमच्या सभेत सुरगाणा-पेठची मुलं आहेत, सटाण्याकडची आहेत. त्यांच्या मोबाइलमध्ये कोरियन गाणी नाहीत, अहिराणी गाणी आहेत, यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिलेली. शहरातली मुलं त्यांना हसतात म्हणून ती गाणी ते चारचौघांत लावत नाहीत. इथे जगापेक्षा आपल्याच मुलांमधल्या उच्च-नीचतेशी माझी गाठ आहे, आणि ती मला जास्त छळते.

येत्या शनिवारी सहाला सटाण्याचा मुलगा त्याचं गाणं आणणार आहे. शब्द कागदावर लिहून काढायचे, शहरातल्या मुलांना त्यातली अहिराणी समजावून सांगायची, मग त्यावर बोलायचं आणि प्रार्थना. तुम्ही या. मागे बसून नुसतं ऐका, पटलं नाही तर तिथेच सांगा, मुलांना खरं बोलणारी मोठी माणसं आवडतात. प्रतिक्रियेत भजनांच्या ज्या हस्तलिखित वहीबद्दल लिहिलंत, ती येताना आणा. पेटी आहे आमच्याकडे, वाजवणारं कुणी नाही.