अनलिमिटेड खा, अनलिमिटेड टाका

हायवेवर एशियन बुफे उघडलं आहे आणि तुम्ही अजून गेला नसाल, तर आधी शनिवारी रात्रीचं जेवण सोडा. रविवारी सकाळी चहासोबत बिस्कीटसुद्धा नको. ३९९ रुपये अधिक पाच टक्के जीएसटी मोजायचे आहेत, पोटात जागा पाहिजे. घरून निघताना बायको म्हणेल, पोट्ट्यांना दोन घास भरवून नेऊ. अजिबात ऐकू नका.

दारावर ‘पाच वर्षांखालील मुले मोफत’ लिहिलेलं असेल. चौथीत शिकणाऱ्या पोराला गाडीतच नीट शिकवून ठेवा. वेटरने विचारलं तर ‘बालवाडी’ म्हणायचं. पोरगं खोटं बोलायला कचरलं तर तुम्ही रागवा; संस्कार लहानपणीच करावे लागतात.

आत शिरल्यावर जागा पकडण्याआधी काउंटर गाठा. सूप, भात आणि नूडल्स सुरुवातीला मांडलेले असतात, कोळंबी अगदी शेवटी आणि तीही छोट्या डावासोबत. ही मालकाची चाल आहे. स्वस्त वस्तूंनी पोट भरावं, महाग वस्तूंपर्यंत भूकच पोचू नये. तुम्ही त्याला हरवायला आला आहात, जेवायला नाही, हे विसरू नका. उलट्या बाजूने रांगेत घुसा. कोणी ‘अहो, रांग आहे’ म्हटलं तर ‘फक्त बघतो जी’ म्हणा आणि अर्धं भांडं प्लेटमध्ये घ्या.

चिकनचा डाव पनीरमध्ये घाला. गुरुवार पाळणाऱ्यांना थोडा बदल मिळेल.

हिरवी चटणी दिसली तर आपला ठेचाच आहे असं समजून चमचाभर तोंडात टाका. ती वसाबी असते. पुढचं आपोआप कळेल.

पदार्थ निवडताना मात्र गोंधळू नका. सुशी जपानची, किमची कोरियाची, टॉम यम थायलंडचं, तिकडे फिरकूच नका. सरळ मंचुरियनकडे चला. ते तर आपल्याच मुंबईत जन्मलं, नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये केलं असं सांगतात. चौकातल्या गाडीवर संध्याकाळी पन्नास रुपयांत हाफ प्लेट मिळते ती हीच. इथे ती ३९९ ला खाल्ली की आशिया पाहून आल्यासारखं वाटतं. तरीही सुशीचे सात-आठ तुकडे प्लेटमध्ये ठेवाच. खायचे नाहीत, फोटोत पाहिजेत. फोटो झाला की ते बाजूला सारायचे, वर उष्टा टिश्यू पेपर दाबायचा आणि स्टेटसवर टाकायचं, ‘सण्डे विथ फॅमिली’.

भांड्याचं झाकण उघडंच राहू द्या. गरम अन्न साठ अंशांच्या वर ठेवावं लागतं, खाली आलं की जंतू वाढतात, कोमट भात तर लवकरच बिघडतो, वगैरे गोष्टी स्वयंपाकघरातल्या माणसाने पाहाव्यात. तुमचे दोन्ही हात भरलेले आहेत.

आता मुख्य गोष्ट. प्लेट भरायची कशी? एकदाच आणि डोंगराएवढी. खाली फ्राइड राइस, त्यावर हक्का नूडल्स, नूडल्सवर ग्रेव्ही, ग्रेव्हीवर स्प्रिंग रोल, आणि सगळ्यावर एक गुलाबजाम, कारण गोडाची रांग नंतर लांबते. मला याचं कारणही समजतं. आपल्याकडे पंगतीत वाढपी एकदा पुढे गेला की परत येईलच असं नसतं. म्हणून मिळेल तेव्हा पानात भरून घ्यायची हातांना पिढ्यांची सवय आहे. पण भाऊ, इथे भांडं जागचं हलत नाही. वीस पावलांवर आहे. त्यातला पदार्थ संपला तर आतून दुसरा येतो. टोकियोच्या इंपीरियल हॉटेलने १९५८ साली स्कँडिनेव्हियाच्या धर्तीवर हे पोटभर-खा प्रकरण जपानात आणलं. पोट भरलं की माणूस थांबतो, एवढा साधा हिशेब त्यांनी धरला असावा. आपले लोक त्यांनी पाहिले नव्हते.

आणि उरलं तर? उरणारच. भिंतीवर ‘अन्न टाकल्यास प्रत्येक प्लेटला १०० रुपये दंड’ असा बोर्ड असतो, त्याला घाबरू नका. त्यावर एक नामी उपाय मला गेल्या रविवारी शेजारच्या टेबलाकडून शिकायला मिळाला. आम्ही चौघं दुसऱ्यांदा वाढून घ्यायला उठलो होतो. परत आलो तर आमच्या टेबलावर दोन अनोळखी प्लेटा. एकीत फ्राइड राइसचा ढीग, दुसरीत नूडल्स आणि अर्धा चावलेला मोमो. शेजारचं कुटुंब रिकाम्या, स्वच्छ टेबलाशी बसून बडीशेप चघळत होतं. वेटरने बिल आणलं, त्यात २०० रुपये दंड. मी म्हटलं, हे आमचं नाही. तो म्हणाला, तुमच्याच टेबलावर आहे ना काका? मॅनेजर आला, त्यानेही तेच. सीसीटीव्ही दाखवा म्हटलं तर तो ‘बंद आहे’. शेजारचे गृहस्थ मध्ये पडून मलाच समजावू लागले, ‘जाऊ द्या भाऊ, दोनशे रुपयांसाठी काऊन डोकं तापवता?’ त्यांच्या सौभाग्यवती पर्समध्ये काहीतरी कोंबत होत्या. पर्सची चेन लागत नव्हती आणि त्यातून पॉलिथिन डोकावत होतं. पॉलिथिनमध्ये क्रिस्पी कॉर्न! म्हणजे आवडलेलं घरी, नावडलेलं माझ्या टेबलावर, आणि दंड माझ्या खिशातून. दोनशे रुपये दिले मी. देऊन बाहेर आलो तर हेच गृहस्थ पार्किंगमध्ये कोणाला तरी फोनवर सांगत होते, ‘मस्त जागा आहे, पूर्ण पैसा वसूल.’

कसला पैसा वसूल?

बोलण्यावरून माणूस आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलाच होता. गाडीच्या मागच्या काचेवर ‘शेतकरीपुत्र’ लिहिलेलं. म्हणजे घरी धानाची बांधी असणार, आणि पऱ्ह्यापासून, म्हणजे धानाच्या रोपापासून, पोत्यापर्यंतचा प्रवास मला सांगायची गरज नाही. आषाढात रोवणीच्या बाया कंबर वाकवून चिखलात दिवसभर उभ्या असतात. मग निंदण, मग तुडतुड्याची कीड, मग रात्रीच्या लाईटची वाट. कापणी झाली की खरेदी केंद्रावर धान भरायला बारदान नाही. सरकारच्या धान-बोनसचं तर विचारूच नका. आपल्या भंडाऱ्याच्या चिनोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा स्टेटस ठेवणारे आपणच होतो ना?

हिशेब करा. चौघांचं बिल जीएसटीसकट १,६७६ रुपये. साध्या धानाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,३६९. म्हणजे एका दुपारी सत्तर किलो धान विकून आपण टेबलावर बसलो, आणि त्यातून आलेल्या भाताचा ढीग करून टिश्यू पेपरखाली पुरला. भाव पाडला म्हणून तहसीलसमोर बसणार आपण, आणि भात फेकणारही आपणच. घरी ताटात चार शितं राहिली तर बुढी अजून ओरडते, तिच्यासमोर टाकायची हिंमत नाही. तिथे तुम्हाला ओळखणारं कोणी नसतं, म्हणून लाज सोडता होय?

पैसे खाण्याचे दिले होते, टाकण्याचे नाही. मालक चोर असेल, डाव छोटा ठेवत असेल, पण त्याचा बदला म्हणून खरकट्याची बादली भरायची? ती बादली उचलून नेणारा पोरगा तुमच्याच गावाकडचा आहे. तुमचं टाकलेलं रोज त्याच्या डोळ्यासमोरून जातं. त्याचा पगार विचारा एकदा.

पुढच्या वेळी एक डाव भात घ्या. आवडला तर उठून पुन्हा घ्या. वीस पावलं आहेत, पाय धड आहेत ना तुमचे? आणि पोरं पाहत असताना आपली उष्टी प्लेट दुसऱ्याच्या टेबलावर सरकवू नका.