स्ट्रायकर नको, आधी स्टॉपर शोधा

हंगाम संपला की आपल्याकडे एकच घोषा सुरू होतो: प्रशिक्षकाला हाकला आणि नवा स्ट्रायकर आणा. आपल्या क्लबने दरवर्षी हेच केलं आणि गोवा प्रो लीग या राज्यातल्या फुटबॉल लीगच्या तक्त्यात आपण खाली होतो, अजूनही खालीच आहोत. आता पुन्हा समितीची बैठक बसेल. कुणीतरी मोबाइलवर एखाद्या बाहेरच्या खेळाडूचे दोन मिनिटांत दहा गोल दाखवेल आणि वर्षाच्या पैशांतला सगळ्यात मोठा वाटा त्या एका माणसावर खर्च होईल. ते व्हायच्या आत हे लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण समितीतल्या मंडळींनी ती शेवटपर्यंत वाचावी ही कळकळीची विनंती.

पडलेला संघ उभा कसा राहतो, हे बघायला फातोर्ड्याच्या, म्हणजे एफसी गोवाच्या मैदानापलीकडे जायची गरज नाही. इंडियन सुपर लीगमध्ये एफसी गोवा २०२१-२२ मध्ये नववा होता, २०२२-२३ मध्ये सातवा. पुढच्या मोसमात प्रशिक्षक म्हणून मानोलो मार्केझ आले आणि संघ तिसरा आला, त्याच्या पुढच्या वर्षी दुसरा. लोकांच्या लक्षात आघाडीच्या नोआ सदावीचे गोल राहिले. पण नोआ सातव्या क्रमांकाच्या संघातही होताच की! त्या हंगामात साखळी फेरीच्या २० सामन्यांत गोव्याने ३६ गोल केले आणि ३५ खाल्ले. पुढच्या हंगामात २२ सामन्यांत ३९ केले, खाल्ले मात्र फक्त २१. गोल करण्यात फारसा फरक पडलाच नाही. फरक पडला तो मागे, कारण संदेश झिंगन आणि ओदेई ओनाइंदिया हे दोन स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचे मधले बचावपटू, आले आणि त्यांच्या पुढ्यात मधल्या फळीत कार्ल मॅकह्यू, रॉलिन बोर्जिस उभे राहिले. गुण २७ वरून ४५ वर गेले.

आपल्या जुन्या क्लबांचंही तेच. आय-लीग या तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगचे पहिले सहाही हंगाम, २००७-०८ ते २०१२-१३, गोव्याने जिंकले: धेंपोने तीन, चर्चिलने दोन, साळगावकरने एक. धेंपो म्हटलं की सगळ्यांना स्ट्रायकर रँटी मार्टिन्स आठवतो, आणि आठवावाच असा तो होता. पण त्याच्या मागे महेश गवळी होता, समीर नाईक होता, मध्ये क्लायमॅक्स लॉरेन्स होता आणि बाकावर वर्षानुवर्षं तेच प्रशिक्षक आर्मांदो कुलासो. आघाडीवरचा माणूस बदलला तरी चालतो. मधला कणा दर जूनमध्ये मोडला, तर प्रत्येक ऑगस्टमध्ये शून्यापासून सुरुवात करावी लागते.

झिंगन आपल्याला परवडणार नाही, हे मलाही कळतं. विचार मात्र फुकट घेता येतो.

सगळ्यात आधी एक काम करा, त्याला एक संध्याकाळ पुरेल. सरलेल्या हंगामात खाल्लेला प्रत्येक गोल कागदावर मांडा. मिनिट कोणतं, चेंडू कुठे गमावला, गोलच्या आधीच्या दहा सेकंदांत काय झालं, कॉर्नर-फ्रीकिकवरून झाला की चालू खेळात. ज्या सामन्यांचं चित्रण मिळेल ते बघा, बाकीच्यांसाठी गोलरक्षकाला विचारा, त्याला प्रत्येक गोल पाठ असतो. हा कागद न करता खेळाडू विकत घेणं म्हणजे तपासणी न करता औषध घेणं.

त्या कागदावर एक गोल पुन्हापुन्हा दिसेल, पैज लावून सांगतो. समोरचा गोलरक्षक लांब किक मारतो. आपला स्टॉपर उंच उडून हेडर जिंकतो, मैदानाबाहेरून टाळ्या पडतात. चेंडू येऊन पडतो आपल्या गोलपासून वीस-पंचवीस मीटरवर आणि तिथे आपल्या निळ्या शर्टाचं चिटपाखरूही नसतं. दोन्ही मिडफिल्डर किक उडताक्षणी पुढे पळालेले असतात, दोन्ही साइड बॅक कडेला पसरलेले असतात. समोरच्याचा मधला खेळाडू आरामात चेंडू छातीवर घेतो, एक टप्पा पडू देतो आणि मारतो. मग आपण गोलरक्षकाला शिव्या घालतो. त्याची चूक नाही, आणि हेडर जिंकणाऱ्या स्टॉपरचीही नाही. दुसरा चेंडू उचलायला तिथे माणूसच ठेवलेला नव्हता.

उपाय साधा आहे, फक्त तो रोज घोटावा लागतो. दोन मिडफिल्डरपैकी एकाने स्टॉपरच्या पुढे आठ-दहा मीटरवर थांबायचंच, चेंडू कुठेही असो. लांब किक येत असताना एक स्टॉपर उडी मारतो तेव्हा दुसऱ्याने त्याच्या मागे चार-पाच मीटर तिरकस सरकायचं आणि दोन्ही साइड बॅकनी आत यायचं. बचावफळी आणि मधली फळी यांच्यात दहा ते बारा मीटरपेक्षा जास्त अंतर नको. सगळ्यात मागच्या बचावपटूपासून पुढच्या स्ट्रायकरपर्यंत तीस-पस्तीस. सामन्यात हे अंतर विसाव्या मिनिटाला ठीक असतं, सत्तराव्या मिनिटाला पन्नास मीटर झालेलं असतं. पुढचे दाबायला धावतात, मागचे भीतीने गोलकडे सरकतात आणि मध्ये अख्खं भाताचं शेत मोकळं पडतं.

हे शिकवायला महागडं साहित्य लागत नाही. चार बचावपटू आणि दोन मिडफिल्डर उभे करा, समोर रुंदीत पाच कोन (प्लास्टिकचे शंकू) ठेवा. प्रशिक्षक एका कोनाकडे बोट दाखवतो, सहाही जण मिळून तिकडे सरकतात. चेंडू नाही. सगळ्यात जवळचा पुढे जातो, बाकीचे त्याच्या मागे तिरकी रेघ धरतात. दहा मिनिटं हे झालं की चेंडू आणा: सहा हल्लेखोर विरुद्ध हे सहा आणि गोलरक्षक, अर्ध्या मैदानावर, वीस मिनिटं. आठवड्यातून दोनदा, एकही आठवडा न चुकवता. खेळाडूंना हे कंटाळवाणं वाटतं आणि आपल्याकडचे प्रशिक्षक खेळाडू नाराज होतील म्हणून सरावाच्या शेवटी नुसती मॅच लावून देतात. घोळ तिथेच सुरू होतो.

कॉर्नरचंही तेच. आपल्याकडे अजून प्रत्येकाने एकेक माणूस धरायचा ही पद्धत चालते आणि पहिल्या धक्क्यात आपला माणूस निसटतो. अकरा जणांची वाटणी अशी करून बघा: गोलरक्षक, जवळच्या खांबावर एक, गोलपासून साडेपाच मीटरच्या रेषेवर चार जण आपापली जागा सांभाळत, समोरच्यांच्या तीन सर्वांत उंच खेळाडूंना धरायला तिघे, पेनल्टी बॉक्सच्या तोंडावर एक आणि पुढे एक. रेषेवरचे चौघे संघातले सर्वांत चांगले हेडर मारणारे हवेत. स्ट्रायकर उंच असेल तर तोही इथेच, मागे उभा राहायला लाज कसली? पावसात चेंडू साबणासारखा निसटतो, त्यामुळे ओल्या मैदानावर गोलरक्षकाने गर्दीत झेलायचा मोह टाळून दोन्ही मुठींनी बाहेर ठोसायचा, आणि ठोसायचा तो कडेला, मध्ये नाही.

आता पावसाळ्याकडे येऊ, कारण गोव्यातल्या संघाचा हंगाम खरं तर जून-जुलैतच बनतो किंवा बिघडतो. पूर्वतयारीला किमान सहा, जमल्यास आठ आठवडे हवेत. आपण तीन आठवडे करतो, त्यातले दहा दिवस पाऊस खातो. मैदान चिखल झालं की पोरांना किनाऱ्यावर पळवायला नेतात. किनारा उतरता असतो, एकाच दिशेने पळलं की एक पाय सतत खाली पडतो आणि त्याचा भार गुडघ्यावर, कमरेवर येतो. मऊ वाळूत पोटरी आणि टाचेची शीर ताणली जाते. न्यायचंच असेल तर ओहोटीला, घट्ट ओल्या वाळूवर, जाता-येता दोन्ही दिशांनी, आणि तेही आठवड्यातून एकदा. समुद्र खवळलेला असेल तर तेही नको. बाकीचे दिवस एखादी हॉल किंवा शाळेची शेड पुरते.

सरावाआधी फिफाचा ११+ हा वॉर्म-अप करून घ्या. वीस मिनिटांचा आहे, फुकट आहे, साहित्य लागत नाही. आठ मिनिटं हलकं धावणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटं वेगाने धावणं. मांडीच्या मागच्या स्नायूचा नॉर्डिक व्यायाम त्यातच येतो. आठवड्यातून किमान दोनदा नियमित केला तर दुखापती स्पष्ट कमी होतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. आपल्याकडे मात्र दोन फेऱ्या मारल्या, पाय ओढले, झालं. मग ऑक्टोबरच्या उकाड्यात एकामागून एक हॅमस्ट्रिंग जातात आणि आपण म्हणतो, नशीबच वाईट.

बुटांचं कुणी बोलतच नाही. चिखलाच्या मैदानावर लांब स्टड हवेतच. पण तेच बूट घालून पोरं म्हापशाच्या धुळेर स्टेडियमच्या कृत्रिम गवतावर उतरतात. तिथे लांब स्टड रुतून बसतो, शरीर वळतं, पाय वळत नाही, आणि गुडघ्याचा लिगामेंट तुटतो. एका खेळाडूचं वर्ष गेलं, कधीकधी कारकीर्दही. कृत्रिम गवतासाठी आखूड आणि जास्त स्टड असलेले बूट लागतात. ज्याला परवडत नाहीत त्याला क्लबने घेऊन द्यावेत. स्ट्रायकरच्या एका महिन्याच्या मानधनात अर्ध्या संघाचे बूट येतील.

दुपारच्या सामन्यात शेवटच्या वीस मिनिटांत आपला संघ कोसळतो तेही अंगातलं पाणी कमी पडल्यामुळे. सरावाआधी आणि नंतर खेळाडूंचं वजन करा. एक किलो घटलं असेल तर सव्वा ते दीड लिटर पाणी भरून काढावं लागतं, तेही मिठासकट, नुसतं गार पाणी ढोसून नाही. सामन्याआधी दोन तास अर्धा लिटर. मध्यंतराला ओआरएस तयार हवं. एक वजनकाटा पुरतो.

खेळाडू जमवताना गोव्याची खरी अडचण डोळ्यांआड करून चालणार नाही. कुणी बोटीवर नोकरीला जातो, कुणी पोर्तुगीज पासपोर्ट हाती येताच युरोपात. त्यांना दोष देता येत नाही, प्रो लीगच्या मानधनावर घर चालत नाही. पण जूनमध्ये प्रत्येकाला समोर बसवून सरळ विचारा: बाबा रे, डिसेंबरमध्ये इथे असशील का? उत्तराप्रमाणे यादी करा. चोवीस जण पुरे. तीन गोलरक्षक, आठ बचावपटू, आठ मधले, पाच पुढचे. प्रत्येक जागेला दोन. आज आपल्याकडे पुढच्या जागांसाठी रांग आहे आणि लेफ्ट बॅकला एकच पोरगा, तो जखमी झाला की राइट बॅकला डावीकडे ढकलायचा.

दुसरी अडचण गावोगावच्या बक्षिसांच्या स्पर्धा. शनिवारी प्रो लीग खेळून रविवारी तोच खेळाडू दुसऱ्या गावासाठी पैसे घेऊन उतरतो. स्पर्धा चांगल्याच आहेत, गोव्याचं फुटबॉल त्यांच्यावरच वाढलंय. पण हंगाम सुरू असताना परवानगीशिवाय खेळायचं नाही, असं करारात लिहा आणि त्या बदल्यात मानधन वेळेवर द्या. पैसे दोन महिने थकवायचे आणि वर निष्ठेची भाषा करायची, हे बरोबर नाही. समितीला हे बोचेल, पण बोचायलाच हवं.

गावातल्या पोरांबद्दल थोडक्यात. वीसच्या आतल्या दोघांना प्रत्येक सामन्यात खेळायला वेळ मिळायलाच हवा, संघ हरत असला तरी. ज्यांना इथे मिळत नाही त्यांना खालच्या विभागात एका हंगामासाठी द्या. आणि त्यांची नोंदणी बारा वर्षांपासून नीट, वर्षवार ठेवा. फिफाच्या नियमांत प्रशिक्षणाच्या भरपाईसाठी १२ ते २१ या वयाचा हिशेब धरतात. पोरगा मोठ्या क्लबात गेला आणि आपल्याकडे कागद नसेल, तर मागणार कशाच्या जोरावर?

प्रशिक्षक दोन हंगामांसाठी ठेवा. लागोपाठ तीन सामने हरलो म्हणून काढायचं नाही, असं आधीच ठरवा. तपासायचंच तर डिसेंबरच्या शेवटी हे तपासा: समोरच्यांनी आपल्या गोलवर सामन्याला किती फटके मारले, कॉर्नर-फ्रीकिकवर किती गोल खाल्ले, पंच्याहत्तराव्या मिनिटानंतर किती खाल्ले. हे आकडे खाली येत असतील आणि तरी हरत असाल, तर काम बरोबर चाललंय, गोल पुढे येतील. आकडे जागचे हलले नसतील आणि दोन सामने नशिबाने जिंकले असतील, तर तेव्हा काळजी करा. संघ निवडताना समितीतल्या कुणाचाही फोन प्रशिक्षकाला जाता कामा नये. कुणाचा भाचा, कुणाचा शेजारी, हे सगळ्या मैदानाला दिसतं.

आणि निवड चाचणी. आपली चाचणी म्हणजे शंभर पोरं, दोन संघ, वीस मिनिटांची मॅच. त्यात ड्रिबल करणारा दिसतो, स्टॉपर दिसतच नाही. चाचणी जागेप्रमाणे घ्या. स्टॉपरला तिघांविरुद्ध दोघांत खेळवा आणि तो घाईने अंगावर जातो की मागे हटत वेळ काढतो ते बघा. डाव्या बाजूच्या स्टॉपरला डाव्या पायाने तीस मीटर पास मारायला सांगा. मिडफिल्डरला चेंडू द्यायच्या आधी त्याच्या मागे कुणीतरी हात वर करून बोटं दाखवावीत आणि चेंडू घेताच त्याला विचारावं, किती होती? जो मान वळवून बघतो त्याला उत्तर येतं. गोलरक्षकाला बादलीत बुडवलेले चेंडू मारा, कॉर्नरवरून, गर्दी करून. आणि प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवा, दमलेल्या पायांनी तो जागा सोडतो की नाही ते तेव्हाच कळतं.