बेअर कॅनचं ओझं आपण उचलायचं, अस्वलावर टाकायचं नाही

उन्हाळा जवळ आला की इथल्या, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या मराठी ग्रुपांवर कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात मुक्काम करायच्या परमिटचे स्क्रीनशॉट फिरायला लागतात, आणि पाठोपाठ तोच प्रश्न येतो: "तो बेअर कॅन खरंच न्यावा लागतो का? सव्वा किलो नुसता डबाच आहे!" बेअर कॅन म्हणजे जंगलातल्या मुक्कामात खाणं ठेवायचा, अस्वलाला उघडता न येणारा डबा. मग कुणीतरी लिहितं, दोरी घेऊन जा, खाणं झाडाला टांगून ठेव. दुसरं कुणी म्हणतं, आम्ही खाण्याची पिशवी टेंटमध्ये उशाशी घेऊन झोपलो होतो, काही झालं नाही. या वेळी कमेंटमध्ये दोन ओळी टाकण्याऐवजी सविस्तर लिहितेय. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि त्यांची किंमत सल्ला देणाऱ्याला कधीच मोजावी लागत नाही. ती अस्वलाला मोजावी लागते.

योसेमिटीत ग्रिझली, म्हणजे ती मोठी, जास्त धोकादायक तपकिरी अस्वलं, नाहीत, हे आधी सांगते. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर ग्रिझली दिमाखात उभं आहे, पण राज्यातली शेवटची ग्रिझली 1920 च्या दशकातच संपली. आता पार्कमध्ये आहेत ती काळी अस्वलं, साधारण 300 ते 500. नाव काळं असलं तरी त्यातली बरीचशी दिसायला तपकिरी असतात, म्हणून लोक घाबरतात. योसेमिटीत अस्वलाने माणूस मारल्याची नोंद नाही. हा डबा मुख्यतः अस्वलाचा जीव वाचवायला आहे, आणि हे एकदा नीट डोक्यात बसलं की सव्वा किलोची तक्रार करायला जीभ रेटत नाही.

अस्वलांना आपल्या अन्नाची चटक माणसांनीच लावली, तीही हौसेने. 1920 च्या दशकापासून 1940 पर्यंत योसेमिटी व्हॅलीत संध्याकाळी ठरलेल्या जागी हॉटेलांचं उष्टं-खरकटं टाकलं जायचं, दिवे लावले जायचे आणि पर्यटक अस्वलं बघायला गर्दी करायचे. तो खेळ बंद झाला तरी उघड्यावर कचरा टाकण्याच्या जागा 1970 च्या आसपासपर्यंत चालू होत्या. त्या बंद झाल्यावर, पिढ्यान्‌पिढ्या आयतं खाल्लेली अस्वलं गेली कुठे? कॅम्पग्राउंडवर आणि पार्किंगमध्ये. 1998 साली योसेमिटीत अस्वलांच्या 1500 हून जास्त घटना नोंदल्या गेल्या आणि नुकसान साडेसहा लाख डॉलरच्या आसपास गेलं. त्यात मुख्य फटका गाड्यांना. गाडीच्या दाराच्या वरच्या कडेत नखं अडकवायची आणि अख्खी चौकट खाली वाकवायची, हे तंत्र त्यांनी आत्मसात केलं होतं. मिनीव्हॅन तर त्यांच्या विशेष आवडीच्या, कारण लहान मुलं असलेल्या घरातल्या गाडीत सीटखाली काही ना काही सांडलेलं असतंच.

हे पिल्लं आईकडून शिकतात. ज्या मादीला टेंट म्हणजे जेवण हे कळलंय, तिची पिल्लं पहिल्याच उन्हाळ्यात तिच्यामागे टेंटपर्यंत येतात. मग पुढचं ठरलेलं असतं. रेंजर आधी हाकलून बघतात, आरडाओरडा करतात, रबरी गोळ्या मारतात, कानाला बिल्ला लावतात, गळ्यात जीपीएस कॉलर घालतात. लांब नेऊन सोडलं तर अस्वल बऱ्याचदा परत येतं, किंवा नव्या जागी जाऊन तेच करतं. शेवटी ते माणसाला न घाबरता अंगावर यायला लागलं की त्याला मारावं लागतं. मारणाऱ्या रेंजरला त्यात आनंद नसतो. त्या अस्वलाने कधीतरी पहिल्यांदा कुणाच्या तरी पिशवीतला लाडू खाल्लेला असतो, आणि तो कुणीतरी घरी येऊन, आंघोळ करून, फोटो टाकून मोकळा झालेला असतो.

1999 पासून सरकारने योसेमिटीला या कामासाठी दरवर्षी वेगळा पैसा दिला. कॅम्पग्राउंडवर लोखंडी लॉकर आले, कचऱ्याच्या पेट्या बदलल्या, रात्रीची गस्त वाढली, जंगलात मुक्काम करणाऱ्यांना कॅन सक्तीचा झाला. घटना 1998 च्या तुलनेत नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्या. अस्वलांचा स्वभाव होता तसाच आहे. आपण झाकणं नीट लावायला लागलो, एवढंच. म्हणून "हल्ली कुठे काय होतं" असं म्हणून नियम ढिला करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. हल्ली होत नाही, कारण बाकीचे लोक डबा उचलतात.

आता टांगण्याबद्दल. योसेमिटीच्या जंगलात अन्न झाडाला टांगणं नियमात बसतच नाही, आणि त्याला कारण आहे. पूर्वी इथे दोन सारख्या वजनाच्या पिशव्या फांदीच्या दोन्ही बाजूंना लोंबत्या ठेवायची पद्धत होती. अस्वलं दोरी चावून तोडायला शिकली, फांदी हलवायला शिकली, आणि फांदी बारीक असेल तर पिल्लू वर जायचं आणि आई खाली थांबायची. शिवाय उंचावरच्या तळ्यांकाठी टांगायला धड फांदीच मिळत नाही. अस्वलाला फाडता येत नाही म्हणून विकल्या जाणाऱ्या कापडी पिशव्याही योसेमिटीत चालत नाहीत. फाटली नाही तरी आतल्या सगळ्याचा लगदा होतो, आणि रस बाहेर झिरपला की अस्वलाला बक्षीस मिळालंच.

कॅन असतो कसा? गार्सिया नावाचा काळा डबा सगळ्यात साधा. आजीच्या लोणच्याच्या बरणीएवढा, गुळगुळीत, कडा नसलेला. रुंदी अशी की अस्वलाच्या जबड्यात मावत नाही, आणि झाकण आत बसवलेलं, त्यामुळे नखाला पकड मिळत नाही. झाकणावरच्या दोन खाचा नाण्याने फिरवायच्या, म्हणून एक नाणं आठवणीने खिशात ठेवा. दुसरा बेअरव्हॉल्ट, निळसर पारदर्शक. त्याचं झाकण फिरवताना छोटा खटका आत दाबावा लागतो. पहाटेच्या थंडीत प्लास्टिक कडक होतं आणि गारठलेल्या बोटांनी तो दबत नाही. तेव्हा क्रेडिट कार्ड खटक्याच्या फटीत सरकवून झाकण फिरवायचं, सहज उघडतं. असे डबे माँटानामधल्या वेस्ट यलोस्टोन गावात खऱ्या ग्रिझलींसमोर टाकून तपासले जातात. तासभर धसमुसळेपणा सोसला तर डबा पास.

तरीही न्यूयॉर्कच्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत एक मादी निघाली, कानाला दोन पिवळे बिल्ले म्हणून 'यलो-यलो'. अंगाने लहानखुरी, बुजरी. तिने बेअरव्हॉल्ट उघडायचा शोध लावला. कंपनीने झाकणाला दुसरा खटका बसवला, तर तिने तोही उघडला. 2012 साली एका शिकाऱ्याने तिला मारलं. मला तिच्याबद्दल वाचताना फार वाईट वाटतं. एवढी हुशारी जंगलातलं अन्न शोधण्यात खर्ची पडली असती.

आता आपल्या खाण्याचं. मराठी माणसाची अडचण वजनापेक्षा जागेची असते, कारण चिवडा. चिवड्यात निम्मी हवा. तो घरी ठेवा, किंवा पिशवीतच दाबून चुरा करून न्या. पातळ पोहे, मुरमुरे यांचंही तेच. जाडे पोहे, मेतकूट, दाण्याची चटणी, डिंकाचे लाडू, गूळ, खजूर हे कमी जागेत भरपूर ताकद देतं. खिचडीचं मूग-तांदूळ-मसाला मिश्रण एकेका जेवणाचं वेगळं बांधा, पिशवीतली हवा काढा आणि डब्याच्या गोल भिंतीला लागून उभं लावा. शेवटच्या दिवसाचं तळाशी. पहिल्या रात्रीचं जेवण डब्यात मावलं नाही तर ते कसंही ठेवलं तरी चालतं असं समजू नका. मुक्कामाला पोचल्यावर स्वयंपाक होईपर्यंत ते कुणाच्या तरी नजरेसमोर हवं आणि झोपायच्या आधी पोटात.

अन्नाइतकंच बाकीच्या वासांचं बघा. टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिप बाम, साबण, ओले टिश्यू, खरकटं, कचऱ्याची पिशवी, सगळं कॅनमध्ये. आपल्याकडचं म्हणजे अमृतांजनची बाटली, हिंगाची डबी, जॅकेटच्या खिशातली बडीशेपेची पुडी. आईवडील सोबत असतील तर त्यांच्या पर्समधल्या गोळ्या आणि आवळा सुपारी आठवणीने मागून घ्या. त्यांना राग येणार नाही. कारण सांगितलं की तेच सगळ्यात काटेकोरपणे पाळतात.

रात्री डबा टेंटपासून तीसेक मीटर लांब, सपाट जागी ठेवायचा. कड्याच्या किंवा पाण्याच्या जवळ नको, कारण अस्वल तो लोळवतं. त्याला दोरी बांधायची नाही, नाहीतर ते डबा उचलून घेऊन जाईल. झाकण लावलेलं आहे हे प्रत्येक वेळी तपासायचं. दुपारी जेवताना अर्धवट लावलेला डबा म्हणजे उघडा डबाच. आणि अस्वल आलंच तर लांबून, एकत्र उभं राहून जोरात ओरडायचं. अन्न त्याच्या ताब्यात गेलं असेल तर हिसकायला जायचं नाही. ते गेल्यावर पडलेला कचरा आपणच गोळा करायचा आणि रेंजरला कळवायचं.

हे सगळं योसेमिटीचं. यलोस्टोनला जाणाऱ्यांनी तिथले नियम वेगळे वाचावेत: तिथे ग्रिझली आहेत, मुक्कामाच्या जागी अन्न टांगायला खास दांडा असतो, आणि बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा, जवळ बाळगायला सांगतात. योसेमिटीत तोच स्प्रे न्यायला बंदी आहे. सह्याद्रीत वाढलेल्या आपल्याला सांभाळायची सवय माकडं आणि उंदरांपासून, त्यामुळे जागा बदलली की नियम बदलतात हे पटकन ध्यानात येत नाही.

गाडी ट्रेलहेडला, म्हणजे पायवाट सुरू होते तिथे, रात्रभर उभी राहणार असेल तर आत काहीच ठेवायचं नाही. च्युइंगगमसुद्धा नाही, आणि मुलाच्या कार सीटमधली बिस्किटं झाडून काढायची. अन्न नीट न ठेवल्यास 5000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, पण दंड नसता तरी मी हेच लिहिलं असतं.

विकत घ्यायचा नसेल तर परमिट घेतानाच, ते देणाऱ्या पार्कच्या वाइल्डरनेस सेंटरमधून कॅन भाड्याने मिळतो. माझ्याकडे एक जास्तीचा गार्सिया पडून आहे. सनीव्हेलच्या आसपास कुणाला हवा असेल तर मेसेज करा, तारखा सांगा आणि घेऊन जा. भाडं नको, फक्त परत देताना धुऊन, पूर्ण वाळवून द्या.